एका बाईच्या दोन चिठ्ठ्या : आमवात असताना आयव्हीएफ

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलमध्ये एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चौतिशीची, पण लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून आमच्याकडेच औषधं घेते, म्हणून माझ्या तोंडात मुलगीच येतं. ऐरोलीत नोकरी, ठाणे-वाशी लोकलने रोजचं जाणं-येणं. पर्सची चेन उघडायला तिला जरा वेळ लागला, बोटं सुजलेली दिसत होती. तिने दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. एक संधिवाताच्या डॉक्टरांची, दुसरी आयव्हीएफ सेंटरची.

दोन्हींवर फॉलिक ॲसिड होतं, पाच मिलिग्रॅमचं. एकीवर लिहिलं होतं ‘आठवड्यातून एकदा’, दुसरीवर ‘रोज एक’. ती म्हणाली, ‘‘काकू, दोन्हीला मिळून एकच स्ट्रिप पुरेल ना?’’

त्या प्रश्नामुळे मी दोन्ही चिठ्ठ्या नीट वाचल्या. आठवड्यातून एकदाच फॉलिक ॲसिड सहसा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला देतात. आमवाताची ही गोळी वरच्या ओळीत होतीच. आणि दुसऱ्या चिठ्ठीवर एस्ट्राडायॉलच्या गोळ्या, दिवसातून तीन वेळा. गर्भपिशवीचं अस्तर जाड करायला त्या देतात. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत गर्भ आत ठेवायची तयारी एकीकडे, आणि दुसरीकडे मेथोट्रेक्सेट चालू. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला तर तो वाढू नये म्हणून जे इंजेक्शन देतात, ते हेच मेथोट्रेक्सेट. रुजणारा गर्भ त्याने थांबू शकतो, आणि तगलाच तर त्यात जन्मजात व्यंग राहण्याची भीती असते.

मी तिला आत स्टुलावर बसवलं. ‘‘आयव्हीएफच्या मॅडमना आमवाताच्या गोळ्यांचं सांगितलंस का?’’

‘‘त्यांनी बीपी, शुगर, थायरॉइड विचारलं. हातापायांचं विचारलं नाही.’’

‘‘आणि इकडच्या डॉक्टरांना आयव्हीएफचं?’’

ती खाली बघत म्हणाली, ‘‘तिथे सासूबाई बरोबर असतात. त्यांना अजून माहीत नाही.’’

तिथूनच तिने दोन्हीकडे फोन केले. ट्रान्सफर, म्हणजे तयार गर्भ पिशवीत ठेवणं, पुढे ढकलली गेली. गर्भ गोठवलेले होते, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मला वाटतंय की हे सगळं एकदा नीट, सोप्या शब्दांत लिहायला हवं. मी फार्मासिस्ट आहे. औषध बदलायचा किंवा बंद करायचा निर्णय डॉक्टरांचाच. पण दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र दिसतात त्या आमच्याच काउंटरवर, आणि त्या काय सांगतात ते बाईला कळलं पाहिजे.

सूज बोटांत, मग बाळाचा काय संबंध?

आमवात, ल्युपस, क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस ही नावं वेगळी, अवयवही वेगळे. पण मुळाशी गोष्ट एकच. शरीराची संरक्षण यंत्रणा बाहेरच्या जंतूंवर धावून जायच्या ऐवजी आपल्याच पेशींवर धावते. जिथे धावते तिथे दाह होतो. आमवातात सांध्यांच्या आवरणात, क्रोन्स आणि कोलायटिसमध्ये आतड्यात, ल्युपसमध्ये त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही. हा दाह पेटता ठेवणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात, म्हणून सांधे सुजलेल्या बाईला थकवा येतो, बारीक ताप येतो, हिमोग्लोबिन उतरतं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, मंगळसूत्राची कडी लागत नाही, कुकरचं झाकण बसत नाही.

गर्भपिशवीचं अस्तर याच रक्तावर वाढतं. गर्भ रुजताना आईच्या संरक्षण यंत्रणेने एक अवघड काम करायचं असतं. अर्धा बापाचा, म्हणजे अर्धा परका, असा जीव आत येऊ द्यायचा, त्याच्यावर तुटून पडायचं नाही, उलट त्याला रक्तपुरवठा होईल अशी व्यवस्था करायची. जी यंत्रणा आपल्या माणसांनाही ओळखेनाशी झाली आहे, तिला हा समतोल साधणं कठीण जात असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

तो नुसता अंदाज राहू नये म्हणून डेन्मार्कच्या संशोधकांनी मोजणी केली. त्या देशात प्रत्येक उपचाराची सरकारी नोंद असते, म्हणून हे जमतं. १९९४ ते २०१७ या काळात तिथे झालेल्या ट्रान्सफर त्यांनी तपासल्या. त्यांत आमवात असलेल्या बायकांच्या ट्रान्सफर ११०० हून अधिक, आणि आमवात नसलेल्यांच्या जवळजवळ दोन लाख. वय वगैरे जमेस धरून जिवंत बाळ जन्मण्याचं गुणोत्तर आलं ०.७८.

हा आकडा वाचून पुष्कळ जणी घाबरतात, म्हणून त्याचा अर्थ सांगते. ०.७८ म्हणजे ‘७८ टक्के यश’ नाही आणि ‘२२ टक्के अपयश’ही नाही. समजा एखाद्या ठिकाणी १०० ट्रान्सफरमागे ३० बाळं जन्मतात. म्हणजे ३० जणींना बाळ, ७० जणींना नाही. या ३०-७० च्या प्रमाणाला ०.७८ ने गुणायचं. हिशेब केला की आमवात असलेल्या १०० ट्रान्सफरमागे साधारण २५ बाळं येतात. तिसाच्या जागी पंचवीस. फरक आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण ‘तुला आमवात आहे, तुझं काही खरं नाही’ असं जे नातेवाईक बोलतात, ते तर साफ चूक आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फरक कुठे पडला? ट्रान्सफरनंतर रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह येण्याच्या टप्प्यावर, म्हणजे गर्भ रुजण्याच्या वेळी. एकदा ती तपासणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या टप्प्यात आमवात असलेल्या आणि नसलेल्या बायका जवळपास सारख्याच होत्या. म्हणजे अडचण सगळीकडे पसरलेली नाही, ती एका दारापाशी आहे. ट्रान्सफरच्या महिन्यांत दाह शांत ठेवण्यावर सगळा भर द्यायचा तो यामुळेच.

आतड्याच्या आजारांवरचा डॅनिश अभ्यास याआधीचा, २०१६ सालचा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुणोत्तर ०.७३ आलं. क्रोन्समध्ये एकूण फरक ठाम म्हणावा इतका नव्हता, पण आजारापायी आधी ऑपरेशन झालेल्या बायकांत ते ०.५१ पर्यंत उतरलं. आपल्या तिसाच्या हिशेबात सांगायचं तर साधारण अठरा. ऑपरेशननंतर पोटात आतले भाग एकमेकांना चिकटतात, शिवाय ऑपरेशनपर्यंत गेलेला आजार मुळात तीव्र असतो. यातलं कोणतं कारण किती, ते वेगळं काढणं अवघड आहे.

आधी आग विझवायची

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी आमवात असलेल्या २४५ बायका मूल हवं म्हटल्यापासून पुढे बघितल्या. त्यांपैकी ४२ टक्के बायकांना गर्भ राहायला वर्षाहून जास्त लागलं किंवा राहिलाच नाही. उशीर कोणाला झाला? वय आणि पहिलंच मूल ही कारणं होतीच. त्यांखेरीज ज्यांचा आजार भडकलेला होता, ज्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेत होत्या, आणि ज्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला साडेसात मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत होतं, त्यांना. पुढे त्याच गावच्या डॉक्टरांनी पद्धत बदलली. गर्भधारणेला चालणारी औषधं देऊन आजार ठरवून शांत करायचा, मग मूल. त्या बायकांना दिवस लवकर गेले.

हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे उलटं होतं. बाळ हवं म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, आता गोळ्या बंद, गोळ्यांनी बाळाला त्रास होतो. मग बाई सगळंच एकदम थांबवते. महिन्या-दीड महिन्यात सांधे पुन्हा फुगतात, ती मेडिकलमधून एटोरिकॉक्सिब नाहीतर डायक्लोफेनॅक मागून नेते, आणि दाह भर रंगात असताना उपचार सुरू होतात. सगळी औषधं थांबवणं ही काळजी वाटते खरी, पण बाळाच्या वाटेत सर्वांत मोठा धोंडा तीच ठरू शकते.

वेदनाशामक गोळ्यांचं आधी सांगते, कारण त्या चिठ्ठीशिवाय मागायला रोज लोक येतात. बीज फुटून बाहेर पडायला जे रसायन लागतं, तेच या गोळ्या अडवतात. बीज तयार होतं, पण त्याच्याभोवतीची बारीक पिशवी फुटत नाही. महिना वाया जातो, आणि पाळी नियमित असल्यामुळे कळतही नाही. नैसर्गिकरीत्या किंवा आययूआयने (म्हणजे वीर्य नळीने गर्भपिशवीत सोडून) प्रयत्न करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आयव्हीएफमध्ये बीज सुईने काढतात, तिथे हा मुद्दा मागे पडतो. पॅरासिटॅमॉलला ही अडचण नाही.

आता मुख्य औषधं. मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी थांबवतात. लेफ्लुनोमाइड शरीरात दीर्घकाळ, कधीकधी दोन वर्षांपर्यंत रेंगाळतं. ते घेतलं असेल तर कोलेस्टिरामिनची पावडर देऊन शरीराबाहेर काढतात आणि रक्तात उरलं नाही ना ते तपासतात. ‘मागच्या वर्षीच बंद केलंय’ एवढ्यावर भागत नाही, डॉक्टरांना नाव सांगा. ल्युपसमध्ये दिलं जाणारं मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आधी थांबवतात. टोफासिटिनिब अलीकडे आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. गर्भारपणात त्याच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती जमलेली नाही, म्हणून तेही आधीच बदलतात.

थांबवतात म्हणजे जागा रिकामी ठेवत नाहीत. तिथे दुसरं औषध येतं, आणि या दुसऱ्या यादीबद्दल फार कमी बोललं जातं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन आणि अझाथायोप्रिन गर्भारपणात चालतात. ल्युपसमध्ये तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवण्याचाच आग्रह धरतात, कारण ते थांबवलं की आजार उसळतो. सल्फासलाझिनबरोबर फॉलिक ॲसिड भरपूर लागतं. ॲडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं गर्भधारणेच्या आधी आणि पहिल्या महिन्यांत चालू ठेवता येतात. नवऱ्याला कोलायटिस किंवा संधिवात असेल तर एक टीप त्याच्यासाठी : सल्फासलाझिनने पुरुषांत शुक्राणूंची संख्या उतरते, औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत सुधारते. नवऱ्याच्या गोळ्या मात्र कोणी विचारतच नाही.

औषध बदललं की नवीन औषधावर आजार शांत राहतोय का ते बघायला तीन ते सहा महिने जातात. इथेच सगळ्या घरांचा धीर सुटतो. वय पस्तिशीच्या पुढे, एएमएच (बीजांचा उरलेला साठा सांगणारी रक्ततपासणी) कमी आलेलं, आणि डॉक्टर म्हणतात थांबा. ही ओढाताण खरी आहे, कारण अशा आजारांपेक्षा वय हा बीजाचा जास्त मोठा शत्रू आहे. यातून एक वाट निघू शकते. आजार बऱ्यापैकी स्थिर असेल तर बीज काढून गर्भ तयार करून गोठवायचे, आणि ट्रान्सफर सावकाश, औषधं बदलून झाल्यावर करायची. गोठवलेल्या गर्भाचं वय वाढत नाही. आमच्या या मुलीचे गर्भ गोठवलेले होते म्हणूनच तो मार्चचा दिवस निभावला.

ल्युपसचं थोडं वेगळं. आजार मूत्रपिंडात शिरला असेल तर तो किमान सहा महिने शांत असल्याशिवाय गर्भधारणेला डॉक्टर सहसा होकार देत नाहीत. सायक्लोफॉस्फमाइडचे सलाइन द्यायची वेळ आली तर ते बीजकोशांना मारक ठरतं, वय आणि डोस जितका जास्त तितकं अधिक. म्हणून तरुण मुलीला ते सुरू होण्याआधीच ‘पुढे मूल हवं आहे का’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. बीजकोश त्या काळापुरते झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन देता येतं. कुणी विचारलं नाही तर आईवडिलांनी विचारावं, लग्न ठरलेलं नसलं तरीही.

ल्युपसमध्येच, आणि कधी त्याच्याशिवायही, रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी सापडतात. बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन खूप वर जातं, आणि तेही रक्त गोठण्याकडे झुकवतं. अशा बाईला उपचारादरम्यान गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन, बीजकोश जास्त फुगू नयेत असा सौम्य डोस, आणि ट्रान्सफर त्याच महिन्यात न करता पुढे, अशी आखणी करतात. आयव्हीएफ सुरू होण्याआधी या अँटिबॉडी आणि अँटि-आरओ नावाची एक, अशा तपासण्या झाल्यात का, ते विचारून घ्या. अँटि-आरओ पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. तो फार थोड्या बाळांत, शंभरात दोनेक, पण माहीत असेल तर चौथ्या महिन्यापासून सोनोग्राफीत त्यावर लक्ष ठेवता येतं.

स्टेरॉइड द्या म्हणणाऱ्या मैत्रिणी

‘माझ्या नणंदेला ट्रान्सफरच्या वेळी स्टेरॉइड दिलं आणि राहिलं, मलाही द्या’ असं बायका येऊन सांगतात. डॅनिश अभ्यासात आमवात असलेल्या ज्या बायकांना ट्रान्सफरच्या आधी स्टेरॉइड मिळालं होतं, त्यांच्यात यश थोडं जास्त दिसलं होतं खरं. पण तो फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल इतपतच होता. आमवात नसलेल्या, वारंवार गर्भ न रुजलेल्या ७१५ बायकांवर चीनमध्ये नीट चाचणी झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन घेतलेल्यांत जिवंत बाळाचं प्रमाण ३७.८ टक्के, आणि नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ३८.८. फायदा शून्य. उलट दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण स्टेरॉइडवाल्यांत जास्त. आजारासाठी लागत असेल तर स्टेरॉइड घ्यावंच, कमीत कमी डोसात. नशीब उघडायचं म्हणून घेण्याचं ते औषध नाही.

सेंटर निवडताना एवढंच बघा. घोडबंदर रोडने गायमुखकडे जाताना नाहीतर वाशीच्या पुलावरून उतरताना होर्डिंगवर मोठाले टक्के दिसतात. ते टक्के कशाचे? रक्ततपासणी पॉझिटिव्ह येण्याचे की जिवंत बाळाचे? ट्रान्सफरमागे की उपचार सुरू केलेल्या प्रत्येक बाईमागे? वयोगट कोणता? २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, ते प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको. आणि पहिल्याच भेटीत विचारा, ‘माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का?’ नाही म्हणणाऱ्याकडे मी तरी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

आणखी एक गोष्ट, बाळ झाल्यावरची. ती इथेच लिहिते, कारण नंतर गडबडीत राहून जाते. ॲडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब गर्भारपणाच्या उत्तरार्धात घेतलं असेल तर ते नाळेतून बाळात उतरतं आणि काही महिने बाळाच्या रक्तात राहतं. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. इंग्लंडमध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला बीसीजी दिल्यावर ते बाळ दगावल्याची नोंद आहे. म्हणून अशा बाळाची बीसीजी किमान सहा महिने, काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही अधिक पुढे ढकलतात. रोटाव्हायरसचे थेंब आणि तोंडावाटे द्यायचे पोलिओचे थेंब हेही जिवंत लसीचेच, त्यांचंही बालरोगतज्ज्ञांना विचारायचं. बाळंतपण ठाण्यात, माहेर साताऱ्याला, बालरोगतज्ज्ञ तिसरेच, आणि टोचणारी नर्स आपलं रोजचं काम करत असते. तिला हे कळणार कुठून?

त्या मुलीने आता एक साधी निळी फाइल केली आहे. गेल्या आठवड्यात आली तेव्हा दाखवली. पहिल्या पानावर सगळ्या औषधांची नावं, कधी सुरू, कधी बंद. मेथोट्रेक्सेटसमोर मार्चची तारीख. खाली दोन्ही डॉक्टरांचे नंबर एकाच ओळीत. त्याच्याही खाली तिच्या सासूबाईंच्या अक्षरात सीआरपीचे, म्हणजे दाह मोजणाऱ्या रक्ततपासणीचे आकडे, महिन्यामागून महिना, ४१, २६, ११, ६. या वेळी पर्सची चेन तिने एका हाताने उघडली. फॉलिक ॲसिडच्या तीन स्ट्रिपा नेल्या, रोज एक.